सीएफ : वजन भरलं, पण अंग भरलं का?

तिलकनगरची (इंदूर)

माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, फुप्फुसं आणि पचन दोन्ही बिघडवणारा जन्मजात आजार. तान्हा असल्यापासून सारखा न्यूमोनिया, तेलकट आणि वास मारणारी शी, कितीही पाजलं तरी हाताला लागणाऱ्या बरगड्या. शेवटी घामाची चाचणी झाली, घामातल्या मिठाचं प्रमाण, म्हणजे क्लोराइड, सीएफची रेषा असलेल्या ६०च्या बरंच वर आलं आणि निदान झालं. तेव्हापासून घरात एकच ध्यास : वजन. वरणात तूप, पोळीला तूप, दुधावरची साय न काढता दूध. दर रविवारी वजनकाटा.

यंदा तो ५२ किलोचा झाला. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २०.३, त्याच्या वयाच्या मुलांच्या मध्याच्या आसपास. सासूबाईंनी खजराना गणपतीला जाऊन नारळ फोडला.

मग या वेळच्या तपासणीत आहारतज्ज्ञांनी एका यंत्रावर उभं करून शरीररचना मोजली. म्हणाल्या, वजन चांगलं आहे, पण त्यात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा कमी आहे. खरं तर डोळ्यांना दिसतच होतं. पोट थोडं पुढे आलंय, पण दंड आणि मांड्या बारीकच. राजवाड्याजवळच्या एका जुन्या इमारतीचा जिना चढताना त्याचा श्वास वरच्या मजल्यावर पुरत नाही.

ज्यांच्या घरी सीएफ आहे किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांना विचारायचं आहे :
तूप कमी करायचं का? प्रथिनं वाढवायची तर शाकाहारी घरात कशी? व्यायाम किती झेपतो? आणि त्या यंत्रावर कितपत भरवसा ठेवायचा?

त्याच्या जनुकातल्या दोन्ही म्युटेशनवर (बिघाडांवर) मूळ दोषावर काम करणाऱ्या नव्या मॉड्युलेटर गोळ्यांचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे तो रस्ता सध्या आमच्यासाठी नाही.

---

सयाजीबाग (वडोदरा)

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फूड्स अँड न्यूट्रिशन विभागात शिकले. सीएफची मुलं आमच्याकडे कमी येतात, पण येतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी अगदी योग्य वेळी योग्य गोष्ट बघितली आहे.

बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. वजन कशाचं आहे हे तो आकडा सांगत नाही. सीएफमध्ये मोठ्यांसाठी बायकांना २२ आणि पुरुषांना २३ बीएमआय, मुलांसाठी पन्नासावं पर्सेंटाइल (त्या वयाच्या मुलांचा बरोबर मध्य) अशी उद्दिष्टं ठरली, कारण त्या पातळीवर फुप्फुसांचं काम चांगलं राहतं असं दिसलं होतं. पुढे चरबी आणि चरबीविरहित वस्तुमान (त्यात मुख्यतः स्नायू) वेगळं मोजायला लागल्यावर कळलं की फुप्फुसांचं नातं मुख्यतः त्या दुसऱ्या भागाशी आहे. एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, स्नायू चांगले असलेल्यांत चांगली असते. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हेही शेवटी स्नायूच. अंगातले झिजले की तेही झिजतात, आणि खोकून कफ बाहेर काढायची ताकद कमी होते.

बीएमआय मध्यावर, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे सीएफमध्ये वरचेवर दिसतं. छातीतला जंतुसंसर्ग आणि त्याची सूज स्नायू खात असते. अन्नातली प्रथिनं पूर्ण पचत नाहीत. स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पडायला लागलेलं असतं. दम लागतो म्हणून मूल खेळत नाही. आणि स्टेरॉइड चालू असतील तर तेही.

यंत्राबद्दल. ज्यावर उभं राहतात ते शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. सीएफमध्ये घामातून मीठ आणि पाणी भराभर जातं, त्यामुळे मे महिन्यात दुपारी उन्हातून आलेल्या मुलाचा आकडा आणि जानेवारीतला आकडा शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढू नका. शिवाय यंत्रातली सूत्रं निरोगी माणसांवरून बनवलेली असतात. सकाळी, रिकाम्या पोटी, लघवी करून, दर वेळी त्याच यंत्रावर मोजलं तर निदान कल कळतो. नेमकं हवं असेल तर डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांचं स्कॅन. त्यात हाडांची घनताही कळते, आणि ती या मुलांची बघायलाच हवी, कारण ड जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं असल्याने नीट शोषलं जात नाही.

तूप कमी करू नका. निदान अजून तरी नाही. आधी दोन गोष्टी सांगा : एन्झाइमच्या (पाचकरसाच्या) कॅप्सूल कशा घेतो, आणि ग्लुकोज टॉलरन्स चाचणी (ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर बघतात ती) शेवटची कधी झाली?

---

शिप्राकाठ (उज्जैन)

मला हा आजार माहीत नव्हता, वाचतोय. एक सुचवू का? आमच्या नात्यात एका मुलाचं अंग धरत नव्हतं, त्याला जंताचा काढा दिला आणि फरक पडला. एक वैद्य ओळखीचे आहेत.

---

तिलकनगरची

दादा, आपुलकीने सांगताय हे कळतं. पण हा जनुकातला आजार आहे. सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो, आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली की होतो. आम्ही दोघे वाहक, आम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही. दर गरोदरपणात चारात एक शक्यता. स्वादुपिंडाच्या नळ्या चिकट स्रावाने बंद होतात, पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच्यावर काढा चालत नाही, एन्झाइम बाहेरूनच द्यावे लागतात. हे इथे लिहिते कारण आम्हालाही सुरुवातीला सगळ्यांनी जंतच सांगितले होते आणि त्यात महिने गेले. कुणाच्या घरी वारंवार न्यूमोनिया, तेलकट शी आणि न वाढणारं वजन हे तिन्ही एकत्र दिसत असेल तर कृपया घामाची चाचणी करा.

सयाजीबाग ताई, घरी एन्झाइम नीट घेतो. बाहेर मात्र कठीण. छप्पन दुकानला मित्रांबरोबर गेला की चारचौघांत कॅप्सूल काढायची त्याला लाज वाटते. ग्लुकोजची चाचणी मागच्या वर्षी राहून गेली, आता लिहून दिली आहे.

---

सयाजीबाग

मग तिथूनच सुरू करू.

नेहमीची मर्यादा अशी : एका जेवणाला दर किलो वजनामागे ५०० ते २५०० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), आणि दिवसभरात दर किलोमागे १०,००० युनिटच्या वर नाही. ५२ किलोला जेवणाला २६,००० ते १,३०,००० आणि दिवसाला ५,२०,०००. वरची मर्यादा ओलांडायची नाही, कारण १९९०च्या दशकात फार मोठे डोस घेणाऱ्या मुलांत मोठं आतडं अरुंद होण्याचे प्रकार दिसले होते. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचाच, मी फक्त चौकट सांगते.

खाण्यात चरबी किती यावर कॅप्सूल ठरतात. दाल-बाफल्याचं ताट, ज्यात बाफला तुपात बुडवून येतो, आणि एक वाटी वरणभात, या दोघांना सारख्याच कॅप्सूल चालणार नाहीत. नुसतं लिंबूसरबत, कलिंगड, पेरू यांना लागत नाहीत. पोह्यांवर मूठभर शेव पडली की लागतात. दुधाच्या चहालाही दूध किती त्यावर. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर काही सुरुवातीला आणि काही मध्ये. चावायच्या नाहीत. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात घालून लगेच गिळायचे, गरम किंवा दुधाच्या पदार्थात नाहीत.

आणि उन्हाळ्यात कॅप्सूलची बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. कॅप्सूल घेतल्या आणि तरी शी तेलकट, असं मे महिन्यात झालं तर आधी ती बाटली कुठे ठेवली होती ते विचारा.

मित्रांसमोरची लाज खरी आहे. आमच्याकडच्या एका मुलीने एका जवळच्या मैत्रिणीला सगळं सांगून ठेवलंय. आता तीच खायच्या आधी डोळ्यांनी खूण करते.

---

टोरांटोची माळवी (मूळची इंदूरची, रामबाग)

मी राहते त्याच शहरातून हा तुपाचा सल्ला जगभर गेला, म्हणून थोडं लिहिते. १९७०च्या आसपास बहुतेक ठिकाणी सीएफच्या मुलांना चरबी कमी देत, कारण पचत नाही, पोट दुखतं. इथल्या रुग्णालयाने उलट केलं. एन्झाइम पुरेसे द्या आणि लोणी, साय, जे हवं ते खाऊ द्या. १९८८मध्ये टोरांटो आणि बॉस्टनच्या रुग्णांची तुलना छापून आली. फुप्फुसांचं काम दोन्हीकडे साधारण सारखं, पण इथले रुग्ण उंचीने आणि वजनाने पुढे, आणि जगण्याचं मध्य वय इथे ३०, बॉस्टनला २१. त्यानंतर सगळीकडे भरपूर चरबी, भरपूर उष्मांक हाच नियम झाला. तिलकनगरच्या घरात वरणावर पडणारं तूप त्याच नियमातलं आहे.

आता दुसरी बाजू. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. तीन मॉड्युलेटर औषधांची एकत्र गोळी, ट्रायकाफ्टा, अमेरिकेत ऑक्टोबर २०१९मध्ये आणि कॅनडात जून २०२१मध्ये बारा वर्षांवरच्यांसाठी मंजूर झाली, आणि ती तेव्हाच सुरू झाली. सांगते, आयुष्य पालटलं. खोकल्याशिवाय रात्र म्हणजे काय हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. आणि वजन वाढायला लागलं. आधी आनंद झाला, मग जीन्स बसेनात, मग क्लिनिकमध्ये रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर बोलणं सुरू झालं. सीएफच्या क्लिनिकमध्ये कोलेस्टेरॉल! या गोळीवर वाढणाऱ्या वजनात चरबीचा मोठा वाटा असतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गोळी घेताना मात्र काहीतरी स्निग्ध खावंच लागतं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. म्हणून सकाळी अंडं किंवा सायीचं दूध कायम, बाकी वेफर्स आणि मिल्कशेक गेले.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. जिला लहानपणापासून प्रत्येक घासाला आम्ही ‘अजून एक, अजून एक’ म्हटलं, तिलाच आता ‘जपून खा’ सांगायचं. तिने एकदा रडून विचारलं, मी तुम्हाला नक्की कशी हवी आहे? त्यानंतर आम्ही घरातला वजनकाटा काढून टाकला. वजन फक्त क्लिनिकमध्ये. ताई, तुमच्या लेकाशी बोलताना ‘तुझं पोट सुटलंय’ हे शब्द कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका. आजीच्यासुद्धा.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

वाचतोय, आणि मनात भीती आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा, वजन अजून १३ किलो. हा धागा वाचून कुणी लहान मुलाचं तूप कमी करू नये एवढीच विनंती. आमच्याकडे प्रश्न चरबी जास्त होण्याचा नाहीच. एन्झाइमचा महिन्याचा खर्च, आणि गावात स्टॉक संपला की दिल्लीहून मागवणं, यातच जीव मेटाकुटीला येतो.

मिठाबद्दलही लिहितो. मागच्या जूनमध्ये ग्वाल्हेर तापलेलं असताना मुलगा मलूल पडला. उलट्या, डोळे उघडेना. एका दवाखान्यात गॅस्ट्रो म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं तेव्हा सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड सगळंच घसरलेलं. डॉक्टर म्हणाले, सीएफच्या मुलांत गरम हवेत हे होतं, नाव स्यूडो-बार्टर. आता आम्ही उन्हाळाभर त्याच्या पाण्यात ओआरएस आणि जेवणात वरून मीठ देतो. घरातल्या मोठ्यांना वाटतं मीठ म्हणजे ब्लडप्रेशर. या मुलांसाठी मीठ औषध आहे.

---

सयाजीबाग

लष्करकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि बरं झालं लिहिलंत. पाच वर्षांच्या १३ किलोच्या मुलाला प्रत्येक उष्मांक हवा. एक ग्रॅम चरबीतून ९ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून ४, म्हणून छोट्या पोटात जास्त भरायचं तर तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, सायीचं दही हेच. आजच्या घडीला सीएफची भूक दोन प्रकारची झाली आहे, एकाच देशात, कधी एकाच शहरात. ज्याला अजून वजनच मिळालेलं नाही त्याची, आणि ज्याला वजन मिळालं पण स्नायू मिळाले नाहीत त्याची. दोघांना एकच तक्ता देता येत नाही. मीठही तसंच : मोठ्या मुलांना इंदुरी जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), शेव, लोणचं, पापड यांतून बरंच जातं, तान्ह्यांना मात्र मोजून द्यावं लागतं, सहा महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण अष्टमांश चहाचा चमचा आणि नंतर पाव चमचा. डॉक्टरांना विचारून.

तिलकनगर ताई, तुमच्याकडे चरबी काढायची नाही, तिच्या शेजारी प्रथिनं आणायची. प्रत्येक खाण्यात थोडी. सकाळच्या पोह्यांवर शेवेऐवजी मोड आलेली मटकी आणि भरपूर शेंगदाणे. दुपारी घट्ट वरण किंवा पिठलं, सोबत दही. संध्याकाळी पनीर किंवा चणे. आणि माळव्यात राहून सोयाबीन विसरू नका, कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅममागे ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. नीट शिजवलेलं, किंवा वड्या उसळीत. अंडी चालत असतील तर उत्तमच. प्रथिनांच्या पचनासाठीही त्याच कॅप्सूल लागतात, त्यांत प्रोटिएज असतंच.

---

तालीम (इंदूर)

मी मल्लखांब शिकवतो. ताईंच्या व्यायामाच्या प्रश्नाला उत्तर देतो, वैद्यकीय भाग सोडून. नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, जोर पडला पाहिजे. चालणं, सायकल हे दमासाठी, पण अंग भरायला बैठका, जोर, वजन उचलणं लागतं. त्याच्या वयाच्या मुलाला भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून उठ-बस इथून सुरू करता येईल. मल्लखांबावर पकड, पोट आणि पाठ एकदम तयार होते, आणि मुलांना आवडतं. आमच्याकडे पाठवा, मी स्वतः लक्ष देईन.

---

सयाजीबाग

मनापासून आभार. मल्लखांब चालेल, पण मातीचा आखाडा नको. ओल्या मातीत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात असे जिवाणू आणि बुरशी असतात, ज्यांचा तुम्हा-आम्हाला काही त्रास नाही, पण सीएफच्या फुप्फुसात ते घर करून बसतात. कोरडं, हवेशीर सभागृह, धुतलेला टॉवेल, स्वतःची पाण्याची बाटली. घाम जास्त येणार, म्हणून पाण्यात ओआरएस. फिजिओथेरपिस्टची परवानगी आधी.

---

तिलकनगरची

पुढची बातमी देते. ग्लुकोज टॉलरन्स चाचणी झाली. उपाशीपोटी ठीक, पण दोन तासांनंतर १६८. डॉक्टर म्हणाले मधुमेह नाही, पण त्या वाटेवर आहे, लक्ष ठेवू. मी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) दाखवलं, ते नॉर्मल होतं, तर म्हणाले सीएफमध्ये त्यावर विसंबायचं नाही, दहा वर्षांच्या पुढे दरवर्षी हीच चाचणी करायची.

घरी कळल्यावर सासूबाईंनी साखर, भात, बटाटा सगळं बंद करायचं ठरवलं.

---

टोरांटोची माळवी

अजिबात बंद करू नका! माझ्या मुलीला सीएफचा मधुमेह आहे. इथे मोठ्या झालेल्या रुग्णांत जवळपास निम्म्यांना होतो. आपल्या घरातल्या काका-आजोबांच्या मधुमेहासारखा नाही हा. इन्सुलिन कमी पडतं म्हणून होतो, आणि इन्सुलिन कमी पडलं की स्नायू बनत नाहीत, निदानाच्या आधीपासूनच वजन आणि एफईव्ही-१ उतरायला लागतात. त्यामुळे उपाय उपास नाही, पुढे लागलं तर इन्सुलिन. तिला सुरू केल्यावर काही महिन्यांत दंड भरले.

गोड सरबतं आणि कोल्ड्रिंक मात्र आम्ही कमी केली, कारण ती साखर एकदम चढते. जेवणातला भात, पोळी आहे तशी.

---

तिलकनगरची

सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, म्हणजे जिलबी? मी म्हटलं, पोह्यांबरोबर एक, आणि कॅप्सूल घेऊन. त्यांचा चेहरा उजळला.

आता असं ठरलंय. तूप आहे तेवढंच. मटकी आणि सोयाबीन सुरू. छप्पनला जाताना कॅप्सूलची छोटी डबी खिशात, आणि त्याने स्वतःहून वर्गातल्या एका मित्राला सगळं सांगितलं. फिजिओने बैठका आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम लिहून दिलाय, मल्लखांबाला पावसाळ्यानंतर. डेक्सा पुढच्या तपासणीला. जिवाणूंसाठी थुंकीचं कल्चर त्याच दिवशी.

लष्करकर, तुम्ही कधी इंदूरला आलात तर आमच्याकडेच उतरा. दोन्ही मुलं भेटतील, माझ्या लेकाला वाटतं या आजाराचा तो एकटाच आहे.

---

सयाजीबाग

ताई, तुमचं मन मोठं आहे, पण मुलांना भेटवू नका. सीएफच्या दोन रुग्णांनी एका खोलीत बसायचं नसतं. एकाच्या फुप्फुसातले स्यूडोमोनास किंवा बुर्खोल्डेरिया हे जिवाणू दुसऱ्याकडे जातात. घराबाहेरसुद्धा किमान दोन मीटर अंतर सांगतात. व्हिडिओ कॉल करा, हवा तितका वेळ.

---

लष्करकर

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दिल्लीच्या ओपीडीत बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो. पुढच्या वेळेपासून मास्क, आणि नंबर येईपर्यंत बाहेर.

ताई, व्हिडिओ कॉल नक्की. माझ्या मुलाला दादा लोकांचं फार कौतुक आहे. तुमच्या लेकाला सांगा, कॅप्सूल कशी गिळायची ते त्याने दाखवायचं, आम्ही अजून दाणे गरात घालूनच देतो. रविवारी सकाळी चालेल का?

---

तिलकनगरची

चालेल. अकराला, त्याची नेब्युलायझरची वेळ झाली की. तो आत्ताच विचारतोय, पाच वर्षांच्या मुलाला कोणती कार्टून आवडतात.